परीक्षा न देता एम.ए.? चीनमधल्या ‘पाओयेन’बद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता एवढंच लिहिलं होतं, की माझ्या हिंदीच्या वर्गातल्या एका चिनी मुलीला ऑक्टोबरातच एम.ए.ची जागा मिळाली आणि डिसेंबरातल्या प्रवेशपरीक्षेला तिला आता बसायचंच नाही. त्या एका वाक्यावर पत्रांचा पाऊस पडला. बहुतेकांचा सूर ‘हे कसं काय बुवा?’ असा. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलंय. मी दक्षिण चीनमधल्या एका सरकारी विद्यापीठात हिंदी शिकवते, त्यामुळे पुढचं सगळं एका मास्तरणीच्या नजरेतून आहे, हे धरून चालावं.

प्रश्न : परीक्षा नाही म्हणजे वशिला आला! कोणा बड्या प्राध्यापकाची चिठ्ठी लागते का? अशा चिठ्ठ्यांचे प्रताप आम्ही नोकरीत भरपूर पाहिलेत. — एक निवृत्त मुख्याध्यापक

सर, चिठ्ठी लागत नाही. इथं शिफारस करतं ते विद्यापीठ, आणि ते करतं यादी लावून. दर वर्षी शिक्षण मंत्रालय प्रत्येक पात्र विद्यापीठाला जागांचा आकडा देतं. विद्यापीठ तो विभागांत वाटतं. विभाग शेवटच्या वर्षाच्या मुलांची क्रमवारी लावतो आणि वरून मोजत येतो. आकडा संपला की यादी संपली. यादीत नाव लागलं की ‘पाओयेन’ झालं, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची लेखी परीक्षा माफ.

2006 च्या नियमावलीत आकड्याचा अंदाज दिलेला आहे. जिथं स्वतंत्र पदव्युत्तर विद्यालय आहे अशा मोठ्या विद्यापीठांना शेवटच्या वर्षाच्या साधारण 15 टक्के मुलांची शिफारस करता येते. ज्यांना ते नव्हतं पण निवडक विद्यापीठांसाठीच्या ‘211’ या तेव्हाच्या सरकारी योजनेत जी होती, त्यांना 5 टक्के आणि बाकीच्यांना 2 टक्के. आता अगदी नामवंत ठिकाणी हे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेलंय. उलट पदवी देणारी विद्यापीठं आणि महाविद्यालयं चीनमध्ये 1200 हून अधिक आहेत, त्यांतल्या बहुसंख्यांना हा हक्कच नाही. तिथली मुलगी वर्गात पहिली आली काय आणि विसावी आली काय, तिला डिसेंबर चुकत नाही.

क्रमवारी लागते ती पहिल्या सहा सत्रांच्या गुणांवर. वर थोडे जादा गुण स्पर्धा, संशोधनलेख, समाजकार्य यांचे. एखादा विषय नापास झालेला नको, शिस्तभंगाची नोंद नको. बऱ्याच विभागांत इंग्रजीची सहाव्या पातळीची परीक्षा 710 पैकी 425 गुणांनी झालेली लागते. यादी नावानिशी जाहीर होते आणि हरकतींना मुदत असते.

तुमचा संशय अगदीच वाया जाऊ नये म्हणून सांगते. नियमात एक खिडकी आहे. एखाद्याकडे असाधारण गुणवत्ता असेल तर त्याच विषयाचे तीन प्राध्यापक मिळून त्याचं नाव पुढं करू शकतात. पण त्यांचं म्हणणं आणि त्या मुलाचं काम तपासलं जातं, जाहीर होतं, त्यामुळे सह्या करायला हात सहसा धजावत नाही. खरी भानगड जादा गुणांत होती. कुठल्याशा स्पर्धेचं प्रशस्तिपत्र, लेखावर पाचवं नाव, असलं गोळा करायची शर्यतच लागायची. आता अशी कागदपत्रं समितीपुढं ठेवून, मुलाला समोर बसवून ‘यात तू नेमकं काय केलंस?’ असं विचारावं लागतं. अशा एका समितीत मीही बसले आहे. एका मुलानं स्वतःच्याच लेखाचं शीर्षक चुकीचं सांगितलं. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्याला पाणी दिलं.

प्रश्न : मॅडम, यादीत नाव आलं की प्रवेश पक्का ना? मग मुलं सप्टेंबरभर एवढी घाबरलेली का असतात? तुमच्याच लेखात तसं होतं. — बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

नाही ना गं. यादीत नाव येणं म्हणजे परीक्षा माफ, एवढंच. आपलं विद्यापीठ ‘ही जाऊ दे’ म्हणतं, पण ‘आमच्याकडे ये’ म्हणणारं दुसरं कोणी मिळवावं लागतं. ते स्वतःचं विद्यापीठ असू शकतं किंवा हजार किलोमीटर लांबचं. पूर्वी विद्यापीठं चांगली मुलं स्वतःकडेच अडवून ठेवायची. 2014 मध्ये मंत्रालयानं ते बंद केलं, मुलाला बाहेर जायचं तर रोखायचं नाही असं बजावलं आणि सगळ्यांसाठी एकच सरकारी संगणकप्रणाली आणली.

आता घाबरण्याचं कारण. ही धावपळ सप्टेंबरात सुरू होत नाही, ती तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात होते. जून-जुलैत मोठी विद्यापीठं ‘उन्हाळी शिबिरं’ भरवतात. नावावर जाऊ नकोस, शेकोटी वगैरे काही नसते. दोन-तीन दिवस व्याख्यानं, एखादी लेखी चाचणी आणि मुलाखत. शेवटी काही जणांना ‘उत्तम शिबिरार्थी’ ठरवतात, म्हणजे पुढं शिफारस मिळाली तर यांना घेऊ. त्या वेळी मुलांच्या हातात स्वतःच्या विद्यापीठाची शिफारस नसतेच! ती यादी सप्टेंबरच्या मध्यावर लागते. म्हणजे आधी सासर ठरतं आणि मग माहेरची परवानगी येते की नाही ते कळतं. शिबिरात हुकलेल्यांसाठी सप्टेंबरात मुलाखतींची आणखी एक फेरी होते. सप्टेंबरअखेर सरकारी प्रणाली उघडते आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत ती चालू असते.

प्रणालीत तीन पसंती भरता येतात. पसंती एकदा भरली की ठरावीक तास ती बदलता येत नाही. समोरच्या विभागाकडून आधी मुलाखतीचं बोलावणं येतं, ते ‘स्वीकार’ दाबून घ्यायचं. मग प्रवेशाचा प्रस्ताव येतो, त्यालाही ‘स्वीकार’. हे दुसरं बटण दाबलं की संपलं. मग खुद्द बीजिंगहून बोलावणं आलं तरी मागं फिरता येत नाही.

आणि इथंच सगळी तारांबळ. हुशार मुलं उन्हाळ्यात चार-चार शिबिरांचे होकार खिशात घालतात. विभागांनाही हे ठाऊक असतं, म्हणून दहा जागांसाठी ते वीस जणांना होकार देऊन ठेवतात. दोघंही एकमेकांना टांगून ठेवतात. प्रणाली उघडण्याच्या आदल्या रात्री विभागांचे फोन सुरू होतात : ‘येणार ना नक्की? उद्या सकाळी पहिली पसंती आमची भरणार ना?’ एकीला असा फोन आला तेव्हा ती माझ्याच खोलीत बसली होती. ‘हो सर, नक्की सर’ म्हणाली, फोन ठेवला आणि मला म्हणाली, ‘असं मी तिघांना सांगितलंय.’ मी तिला दोघांना त्याच क्षणी नकार कळवायला लावला. तोंड वाकडं केलं, पण कळवला. त्या दोन नकारांमुळे कुठल्यातरी प्रतीक्षायादीतली दोन मुलं त्या रात्री झोपली असतील. तू उद्या कुठल्याही प्रवेशाच्या रांगेत उभी राहिलीस तर एवढं जरूर कर. नको असलेली जागा लवकर सोड.

मुलाखती आता पुष्कळदा संगणकावरूनच होतात. त्याचं एक दृश्य सांगते. समोर लॅपटॉप, ओळखपत्र कॅमेऱ्यापुढं धरायचं. दुसरा मोबाइल तिरपा मागच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे परीक्षकांना टेबल, हात आणि पडदा, तिन्ही दिसले पाहिजेत. वसतिगृहाच्या खोलीत चौघी राहतात, मग बाकीच्या तिघी बाहेर जिन्यात. दारावर चिठ्ठी : ‘मुलाखत चालू, ठोठावू नका.’ मागचा मोबाइल टेकवायला आमच्या एका मुलीनं भाताच्या कुकरवर हिंदीचा जाडा कोश उभा केला होता. त्या कोशाचा चार वर्षांतला सर्वांत मोठा उपयोग तोच, असं तिनं मला नंतर तोंडावर सांगितलं.

प्रश्न : माझा पुतण्या चीनमध्येच बी.टेक. करतोय, गुण उत्तम आहेत. त्याला असं परीक्षेविना पुढं जाता येईल का? — एक काका

या मार्गानं नाही. पाओयेनच्या जागा चिनी नागरिक असलेल्या मुलांसाठी आहेत. पण काळजी नको. परदेशी विद्यार्थ्यांना ती डिसेंबरची राष्ट्रीय परीक्षा मुळात द्यावीच लागत नाही. त्यांचे अर्ज वेगळे जातात : गुणपत्रकं, अभ्यासाचा आराखडा, चिनी किंवा इंग्रजीचं प्रमाणपत्र आणि प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापकांची दोन पत्रं. मुख्याध्यापकसाहेब, चिठ्ठी लागते ती इथं! चिनी सरकारच्या शिष्यवृत्तीचे अर्ज साधारण हिवाळ्यापासून वसंतापर्यंत घेतात. पुतण्याला म्हणावं, ज्या सरांचं पत्र हवंय त्यांना ऑक्टोबरातच भेट. मार्चमध्ये मी एकाच आठवड्यात डझनभर पत्रं लिहिते आणि शेवटच्या पत्रापर्यंत माझी विशेषणं संपलेली असतात.

प्रश्न : माझे यजमान चिनी आहेत, आम्ही बरीच वर्षं इथंच राहतो. मुलगी चिनी नागरिक, विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गात ती तेरावी. मागच्या वर्षी त्यांच्या विभागातून अकरा जणांची शिफारस झाली. ती म्हणते, दोन क्रमांक वर चढेन. हे म्हणतात, स्वप्नं बघू नकोस, परीक्षेच्या तयारीला लाग. घरात रोज वाद. मला दोघांचंही पटतं. काय करू? — एक आई

ताई, तुमच्या मुलीसारख्यांना इथं ‘काठावरची’ म्हणतात. दर वर्षी माझ्या वर्गात अशी तीन-चार असतात, आणि खरं सांगायचं तर सर्वांत जास्त हाल त्यांचेच होतात. पहिल्या पाचांत असलेली निर्धास्त. पंचविसावा तर पहिल्या दिवसापासून परीक्षेची पुस्तकं घेऊन बसतो. काठावरच्यांची मात्र धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत.

आधी आकडे बघू. डिसेंबरच्या परीक्षेला 2023 च्या प्रवेशासाठी 47 लाख 40 हजार मुलांनी अर्ज केले होते. 2024 साठी 43 लाख 80 हजार, 2025 साठी 38 लाख 80 हजार. गर्दी ओसरतेय, पण अजून प्रचंडच आहे. चार पेपर, 500 गुण : राज्यशास्त्र 100, परकीय भाषा 100 आणि विषयाचे दोन पेपर दीडदीडशेचे. यजमानांची भीती पोकळ नाही. सप्टेंबरच्या मध्यावर यादी हुकली आणि तेव्हा अभ्यासाला बसली, तर हातात जेमतेम तीन महिने उरतात. बाकीची मुलं मार्च-एप्रिलपासून भिडलेली असतात.

पण मुलीचंही चूक नाही. अकरा हा मागच्या वर्षीचा आकडा. यंदा तो दहा असेल किंवा बारा. शिवाय वरच्या अकरातले सगळे ती जागा घेत नाहीत. कोणी परदेशी जातं, कोणाला सरकारी नोकरी खुणावते, कोणी घरचा धंदा सांभाळतं. त्यांनी वेळेत लेखी नकार दिला तर जागा खाली सरकते. मुलीला एकदाच, अगदी सहज, वरच्यांतले किती जण परदेशाची तयारी करतायत ते विचारू द्या. मात्र एकदाच. आमच्याकडे एक मुलगा दर आठवड्याला नवव्या क्रमांकाच्या मुलीला ‘तुझ्या इंग्लंडचं काय झालं?’ विचारायचा. शेवटी तिनं इंग्लंड रद्द केलं. त्याच्यामुळेच केलं असं मी म्हणणार नाही, पण मला तिचं कौतुक वाटलं.

आता माझं मत. तिनं परीक्षेची तयारी आत्ताच सुरू करावी, आणि शिफारसही सोडू नये. एका दगडात दोन पक्षी मारायचा सल्ला सहसा मी देत नाही, इथं देते, कारण इथं निम्मं काम दोन्हींना सामाईक आहे. विषयाच्या पेपरांसाठी जे वाचायचं, तेच शिबिराच्या मुलाखतीत विचारतात. इंग्रजी दोन्हीकडे लागतंच. फक्त राज्यशास्त्र निव्वळ परीक्षेचं, आणि ते बरीच मुलं उन्हाळ्यानंतरच हातात घेतात. तेव्हा तिनं सहाव्या सत्राचे गुण मनापासून सांभाळावेत, कारण तेराव्यातून अकराव्यात जायचा रस्ता तोच. क्रमांकांमधलं अंतर दशांशात असतं. आणि उरलेला वेळ विषयाच्या पेपरांना द्यावा. बाहेरच्या स्पर्धा, प्रशस्तिपत्रं, ‘लेखात नाव घालून देतो’ म्हणणारे मित्र, हे सगळं दाराबाहेर. त्यातून एक गुण मिळतो आणि महिना जातो.

तारखांचं एक बारीक गणित यजमानांना दाखवा. शिफारसपात्र मुलांची यादी सप्टेंबरात लागते, परीक्षेची मुख्य नोंदणी ऑक्टोबरात चालते. म्हणजे यादी हुकली तरी परीक्षेचं दार उघडंच असतं. उलट पाओयेनची जागा स्वीकारली की परीक्षेला बसता येत नाही. दोन्ही ताटांत जेवायची सोय नाही, पण एक हातातून गेलं म्हणून उपाशी राहायचीही वेळ नाही.

एक तिसरी वाटही आहे, पण ती दबकत सांगते. शिकवायला जाणाऱ्यांसाठी वेगळ्या जागा असतात. कम्युनिस्ट युवक संघ आणि शिक्षण मंत्रालय ही योजना 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून चालवतात. पदवीनंतर एक वर्ष पश्चिमेकडच्या गरीब भागातल्या शाळेत शिकवायचं आणि परत येऊन एम.ए.ला बसायचं, परीक्षा नाही. काठावरच्या मुलांना हा चोरदरवाजा वाटतो आणि ते धावतात. तिथल्या सहावीतल्या पोरांना मात्र आपल्यासमोर कोण उभं राहिलंय ते पहिल्या आठवड्यातच कळतं. मुलीला शिकवण्याची आवड असेल तरच ही वाट. तिला वर्गासमोर उभं राहायचा कंटाळा असेल तर हे नाव घरात काढूसुद्धा नका.

आणि ताई, यादीच्या दिवशी तिला फोन करू नका. तिचा येईल.

प्रश्न : परीक्षेपेक्षा ही पद्धत मुलांसाठी चांगली नाही का? एका दिवसाच्या नशिबावर सगळं अवलंबून नसतं. — एक शिक्षिका

मीही सुरुवातीला अगदी असंच म्हणायचे. आता म्हणत नाही. परीक्षेला बसणारा मुलगा दुसऱ्या वर्षात उनाडक्या करू शकतो, आणि एकोणिसाव्या वर्षी थोड्या उनाडक्या माणसानं कराव्यात. पाओयेनच्या मागं लागलेली मुलगी ते करू शकत नाही, कारण तिची प्रत्येक घटक चाचणी मोजली जाते. माझा जुन्या हिंदी कवितेचा ऐच्छिक विषय आहे. मी गुण हात आखडून देते, अशी ख्याती. त्यामुळे ज्यांना कविता खरंच कळते अशी पहिल्या दहातली मुलं तो घेत नाहीत, आणि पंचविसावी-तिसावी आनंदानं घेतात. माझे सर्वांत चांगले तास त्यांच्याबरोबर झालेत. पण पहिल्या दहांतली ती मुलं पुढं एम.ए.ला हिंदीच करणार असतात, आणि त्यांनी कबीर वाचलेला नसतो!

एकदा सत्र संपल्यावर रात्री एकीचा निरोप आला : ‘बाई, 89 चे 90 होतील का? नाहीतर माझा आठवा क्रमांक जाईल.’ मी उत्तरपत्रिका पुन्हा काढली, तपासली, 89 च निघाले. तसं कळवलं. तिचं उत्तर आलं : ‘बरं बाई. नववीला आनंद होईल.’ त्या वर्षी नऊ जणांची शिफारस झाली, त्यामुळे दोघीही गेल्या.

तरी नशिबाबद्दल तुमचं म्हणणं निम्मं खरं. ताप आला म्हणून वर्ष गेलं, असं इथं होत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या विद्यापीठाला हक्कच नाही, तिथल्या मुलाला डिसेंबरची परीक्षा हा वर येण्याचा एकमेव जिना आहे. नामवंत विभाग जागा ऑक्टोबरातच भरत गेले, की त्या जिन्याच्या वरच्या पायऱ्या आपोआप कमी होतात. शिफारशीच्या जागांना वरची मर्यादा हवी, आणि ती पाळली जावी, एवढं मी आमच्या विभागाच्या बैठकीत म्हणते. बैठकीत सगळे मान डोलावतात.

प्रश्न : परीक्षेविना आलेल्यांना फी जास्त पडते का? — एक पालक

उलट. फी दोघांनाही सारखीच : संशोधनपर एम.ए., एम.एस्सी.ला वर्षाला साधारण 8,000 युआनच्या आत, पीएच.डी.ला 10,000 च्या आसपास. व्यावसायिक पदव्यांची मात्र बरीच जास्त असू शकते, ती आधी बघून घ्यावी. आणि पाओयेननं आलेल्यांना कित्येक विद्यापीठं पहिल्या वर्षी वरच्या श्रेणीची शिष्यवृत्ती देतात. परीक्षा देऊन आलेल्यांची श्रेणी त्यांच्या गुणांवर ठरते.